सांगणारांची नावे

ग्रंथालय म्हटले म्हणजे पुस्तकांची कपाटे, वर्तमानपत्रांचे लांब मेज, सूचीपत्राचे खण आणि भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी, एवढे साहित्य डोळ्यांपुढे उभे राहते. जेथे बोलण्यासच मनाई, तेथे बोललेले शब्द जतन करून ठेवावे ही कल्पना प्रथमदर्शनी विसंगत वाटणे साहजिक आहे. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ सालचे, अहमदनगरचे जिल्हा वाचनालय १८३८ सालचे आणि पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे. ह्या जुन्या संस्थांनी छापील अक्षराची जी सेवा केली तिला तोड नाही. परंतु ज्या काळी नगरच्या वाचनालयात इंग्रजी शिकलेली चार मंडळी ग्रंथ चाळीत बसत, त्याच काळी वेशीबाहेर, सीनेकाठच्या नागापुरासारख्या गावात, पहाटेच्या अंधारात घरोघर जाती फिरत होती आणि त्या घरघरीबरोबर ओव्यांचा एक अखंड ओघ वाहत होता. त्या ओघातला एक थेंबही वाचनालयाच्या कपाटापर्यंत पोचत नव्हता. नगरचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, नागापुरात औद्योगिक वसाहत उभी राहिली, जात्याची जागा पिठाच्या गिरणीने घेतली. मधल्या काळात तोंडचे शब्द कपाटापर्यंत नेण्याचे काम काही माणसांनी केले. आजचा विषय त्या माणसांचा आहे.

अशा कोणत्याही संग्रहाला तीन माणसे लागतात. एक सांगणारा, दुसरा लिहून घेणारा, तिसरा जपून ठेवणारा. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बहुधा दुसऱ्याचे नाव येते आणि कपाटावर तिसऱ्याच्या संस्थेचे. पहिल्याचे नाव कोठे जाते, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. आणि विचारलाच तर “लोकवाङ्मयाला कर्ता नसतो” असे ठरीव उत्तर मिळते. हे उत्तर कितपत खरे, ते ह्या संग्रहांचा इतिहासच सांगू शकेल.

तो इतिहास बराच मागे, आणि योगायोगाने नगर जिल्ह्यातच, सुरू होतो. सराळे हे त्या जिल्ह्यातील गाव म्हाइंभटांचे. तेराव्या शतकातील हा विद्वान ब्राह्मण शास्त्रार्थात निपुण होता. परंतु मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याचे स्थान शास्त्रार्थामुळे नाही, इतरांचे बोलणे कान देऊन ऐकल्यामुळे आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर ह्यांनी स्वतः काही लिहिले नाही. ते गोदावरीच्या दोन्ही तीरांवर हिंडले, देवळांच्या ओसऱ्यांत राहिले, भेटेल त्याच्याशी त्याच्या बोलीत बोलले. त्यांच्या प्रयाणानंतर शिष्यपरिवार ऋद्धिपुरास नागदेवाचार्यांभोवती जमला. ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांच्यापाशी आठवणींवाचून दुसरे काहीच उरले नव्हते, आणि आठवणी माणसांबरोबर जातात, ही गोष्ट म्हाइंभटांच्या ध्यानात आली. त्यांनी नागदेवाचार्यांकडून त्यांना स्मरत असलेल्या लीळा ऐकून घेतल्या. मग जेथे जेथे स्वामी राहिले होते त्या त्या गावी जाऊन, ज्याने जे पाहिले-ऐकले होते ते त्याच्याच तोंडून मिळविले. ‘लीळाचरित्र’ ह्या मराठीतील आद्य गद्यग्रंथाचा जन्म असा पायपिटीतून झाला.

ह्या ग्रंथाची मांडणी पाहिली म्हणजे आजच्या संशोधकानेही मान लववावी. प्रत्येक लीळा आटोपशीर. प्रसंग कोणत्या गावी, कोणत्या देवळात घडला, जवळ कोण होते, स्वामी काय म्हणाले, एवढेच. वर्णनाचा फुलोरा नाही, संकलकाचे प्रवचन नाही. साधी माणसे साध्या भाषेत बोलतात. शेतकरी, गुराखी, भिक्षेकरी, घरधनी, विधवा स्त्रिया ह्यांची बोली जशीच्या तशी कागदावर उतरली आहे. तेराव्या शतकातील मराठी बाई कशी बोलत असेल ह्याचा पुरावा शिलालेखांत सापडत नाही, तो येथे सापडतो.

पण खरी महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. यादवांचे राज्य बुडाले, देशात धामधूम माजली आणि ह्या धावपळीत ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत हातची गेली, असे परंपरा सांगते. एवढ्या कष्टाने जमविलेले धन एका दिवसात नाहीसे झाले. ते परत कसे मिळाले? हिराइसा नावाच्या एका साध्वीला लीळा मुखोद्गत होत्या. तिच्या स्मरणातून, आणि आणखी काही जणांच्या स्मरणातून, ग्रंथ पुन्हा उभा राहिला. तोंडचे शब्द कागदावर आले, कागद गेला, आणि पुन्हा तोंडच उपयोगी पडले! त्यातही विशेष हे की पुढील लेखकांनी हे सारे पाठ कालवून एक केले नाहीत. जेथे एकाचे सांगणे दुसऱ्याशी जुळले नाही तेथे दोन्ही ठेवले आणि कोणते कोणाचे तेही नोंदले. अशा भिन्न पाठाला महानुभाव परंपरेत ‘वासना’ म्हणतात. त्यांतील एका पाठावर हिराइसेचे नाव आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीचे नाव, तिने राज्य केले म्हणून नाही, कोणा राजाची ती राणी होती म्हणूनही नाही, तर तिने जे लक्षात ठेवले ते प्रामाणिकपणे सांगितले एवढ्यासाठी आपल्यापर्यंत आले आहे. आपल्याकडील कथासंग्रहांच्या परंपरेचा आरंभ हा असा, सांगणाराचे नाव राखणारा आहे. पुढे ती रीत मोडली, हे दुर्दैव.

महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहिले आणि मठांच्या पेट्यांत ठेवले, त्यामुळे ते सुरक्षित राहिले, पण उर्वरित महाराष्ट्राला परके झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनी सकळ लिपीची कुलुपे काढली, ह. ना. नेने ह्यांनी १९३६ पासून ‘लीळाचरित्र’ छापून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, वि. भि. कोलते ह्यांची साक्षेपी आवृत्ती राज्य शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये काढली. म्हणजे सराळ्याच्या म्हाइंभटांचे पुस्तक सार्वजनिक वाचनालयाच्या फळीवर येण्यास सुमारे साडेसहाशे वर्षे लागली.

मधल्या शतकांत लोकांच्या तोंडच्या गोष्टी तोंडातच राहिल्या. त्या टिपून घ्याव्या असे कोणास वाटले नाही, कारण त्या संपतील असेच कोणास वाटत नव्हते. इंग्रजी अमलात बाहेरून आलेल्या माणसांना हे सारे नवीन होते, म्हणून त्यांचे कान टवकारले गेले. सर बार्टल फ्रियर हे मुंबईचे गव्हर्नर असताना १८६५-६६ च्या हिवाळ्यात दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर निघाले. बरोबर त्यांची वीस वर्षांची कन्या मेरी होती. तंबूंच्या त्या छावणीत तिला बोलावयास दुसरी स्त्री नव्हती. होती ती तिची आया, अ‍ॅना लिबेराटा डिसूझा. लांबलांबच्या मजला, कंटाळवाण्या दुपारी. मेरीने एके दिवशी अ‍ॅनाला गोष्ट सांगण्याची गळ घातली. अ‍ॅनाने आपल्या आजीकडून ऐकलेली एक गोष्ट सांगितली, मग दुसरी, मग तिसरी. मेरीने त्या लिहून काढल्या, अ‍ॅनाला वाचून दाखवून चुका दुरुस्त करून घेतल्या, आणि १८६८ साली लंडनच्या जॉन मरे ह्या प्रकाशकाने ‘ओल्ड डेक्कन डेज’ ह्या नावाने त्या छापल्या.

हे पुस्तक विलायतेत गाजले. जर्मन, डॅनिश, हंगेरियन ह्या भाषांत त्याची भाषांतरे झाली; आणि गंमत अशी की मराठीतही झाले. दख्खनच्या एका आजीची गोष्ट नातीच्या तोंडून मोडक्यातोडक्या इंग्रजीत शिरली, तेथून गव्हर्नरच्या मुलीच्या सफाईदार इंग्रजीत गेली आणि समुद्र ओलांडून पुन्हा मराठीत परत आली! माहेरवाशिणीने इतका लांबचा प्रवास केल्यावर तिच्या अंगावरचे लुगडे मूळचे राहिले नसेल हे उघड आहे. तथापि मेरी फ्रियरने एक गोष्ट केली, जी तिच्या पिढीतील संग्राहकांत विरळाच आढळते. पुस्तकाच्या आरंभी स्वतःच्या निवेदनाबरोबरच तिने अ‍ॅनाची जीवनकथा, अ‍ॅनाच्याच शब्दांत, छापली. आजोबा लिंगायत घराण्यातले, ते ख्रिस्ती झाले म्हणून त्यांच्या वडिलांनी त्यांना घराबाहेर काढले. मग ते इंग्रजांच्या फौजेत हवालदार झाले. बाप तंबूवरचा लष्कर. स्वतः अ‍ॅना वैधव्य आल्यावर पोरांच्या पोटासाठी आयाच्या चाकरीत शिरली. एकुलता मुलगा पुण्यास नदीत बुडून गेला. इतके दुःख सांगून झाल्यावर ती बाई राजाराणीच्या गोष्टी सांगते! गोष्टी वाचताना वाचकाला सारखे जाणवत राहते की ह्या कोणा ‘हिंदी लोकां’च्या गोष्टी नव्हेत, ह्या अ‍ॅनाच्या आहेत. मुखपृष्ठावर नाव अर्थातच मेरीचे. पुस्तकाने मिळविलेली कीर्तीही तिचीच. पण अ‍ॅना पुसली गेली नाही. २००२ मध्ये किरीन नारायण ह्या विदुषीने ह्या पुस्तकाची नवी आवृत्ती सिद्ध केली तेव्हा तिला अ‍ॅनाच्या बाजूने विचार करता आला, तो ह्या जीवनकथेमुळेच.

ह्यानंतर तेवीस वर्षांनी, १८९१ मध्ये, पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह निघाला. हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ हे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. आज वडाळ्यास असलेल्या कुष्ठरुग्णालयाशी त्यांचे नाव निगडित आहे. ह्या सनदी नोकराला मराठी पोवाड्यांचे वेड लागले, आणि त्याला जोड मिळाली ती पुण्याच्या शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांची. गोंधळ्यांना शोधावे, त्यांच्यापुढे बसावे, डफतुणतुण्याच्या साथीवर वेगाने निघून जाणारा शब्द पकडावा, समजला नाही तर पुन्हा म्हणावयास लावावा, ह्या कामाला हौस पुरत नाही, चिकाटी लागते. दोघांनी मिळून साठांच्या आसपास पोवाडे जमविले व ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ ह्या नावाने छापले. त्यांतील दहांचे इंग्रजी पद्यभाषांतर अ‍ॅक्वर्थने १८९४ साली प्रसिद्ध केले. अफझलखानाच्या वधाचा अज्ञानदासाचा पोवाडा आणि सिंहगडचा तुळशीदासाचा पोवाडा आज शाळेतल्या मुलालाही नावाने ठाऊक आहेत, त्याचे पुष्कळसे श्रेय ह्या पुस्तकास आहे. शाळिग्रामांनी पुढे नगर जिल्ह्यातल्या संगमनेरचे अनंतफंदी आणि इतर शाहीर ह्यांच्याही रचना संपादून शाहिरी वाङ्मयाची मोठी सेवा केली. विलायतेत नाव अ‍ॅक्वर्थचे झाले. शाळिग्रामांचे नाव अभ्यासकांपलीकडे फारसे कोणी घेत नाही.

तरीही शाहीर भाग्यवान म्हटला पाहिजे. पोवाड्याच्या अखेरीस तो आपले नाव गुंफतो, त्यामुळे अज्ञानदास काही केल्या अज्ञात राहत नाही. पण अज्ञानदासाने रचलेले शिवकालापासून १८९१ पर्यंत कोणी आणले? गोंधळ्यांच्या सात-आठ पिढ्यांनी. एकाही पिढीला विसर पडला असता तर अ‍ॅक्वर्थसाहेबाच्या बैठकीत त्या दिवशी डफ वाजून राहिला असता, शब्द आला नसता. त्या गोंधळ्यांची चौकशी आज कोणी करीत नाही. रचणाऱ्याला कवी म्हणतात, छापणाऱ्याला संपादक म्हणतात, आणि दोनशे वर्षे ओझे वाहणाऱ्याला नुसते ‘परंपरा’ म्हणून मोकळे होतात.

ग्रंथालयांच्या बाजूने ह्याच सुमारास एक मोठा प्रयोग झाला, त्याचा उल्लेख येथे करावयास हवा. बडोद्याचे सयाजीराव महाराज ह्यांनी १९१० मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून आपल्या संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणले. खेड्यांसाठी फिरती ग्रंथालये निघाली. लाकडी पेटीत निवडक पुस्तके भरून ती गावोगाव धाडीत. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी चित्रे दाखविण्याची सोय केली. हिंदुस्थानात त्या काळी दुसरीकडे असे काही नव्हते, आणि मराठी राजाच्या दूरदृष्टीचा अभिमान वाटावा असेच ते काम होते. पण पेटीचा प्रवास एकाच दिशेचा होता. ती गावात ज्ञान घेऊन जाई. गावाला जे ठाऊक होते ते भरून आणण्यासाठी रिकामी पेटी कोणी धाडली नाही. हा महाराजांचा दोष नव्हे. अशिक्षित माणसापाशी घेण्यासारखे काही असते, हे शिक्षिताला पटण्याचा तो काळच नव्हता.

ते पटवून देणाऱ्यांत साने गुरुजींचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्यांनी गोळा केलेल्या ओव्यांचा ‘स्त्री जीवन’ हा संग्रह १९४० च्या सुमारास निघाला. आई, मुलगी, बहीणभाऊ, सासर, माहेर, व्रते, देवधर्म अशा क्रमाने त्यांनी बायकांच्या आयुष्याचा सबंध पट ओव्यांतूनच मांडला. मराठी वाचकाला, विशेषतः पुरुष वाचकाला, आपल्या माजघरात केवढे काव्य पडले आहे ह्याचा पत्ता ह्या पुस्तकाने लागला. पुस्तक हातात घेणाऱ्याचे डोळे पाणावतात. मात्र ही ओवी कोणत्या गावच्या कोणत्या बाईची, हे विचारण्याची त्या काळी पद्धत नव्हती. ओवी सर्वांची, म्हणून कोणा एकीची नव्हे, असे धरून चालत.

ह्या समजुतीत काही तथ्य आहे हे नाकारता येत नाही. ओवी एका तोंडून दुसऱ्या तोंडी जाते, वाटेत बदलते, आणि तिचा जन्म कोठे झाला ते सांगता येत नाही. चालुक्य राजा सोमेश्वर ह्याच्या ‘मानसोल्लास’ ह्या ११२९ सालच्या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वीही ती जुनीच असावी. पण जी बाई जात्यावर बसून ती गाते, तिला ती निनावी वाटते काय? ती ओवीत आपल्या भावाचे नाव घालते, लेकाचे घालते, माहेरच्या गावाचे घालते, वाटेवरच्या देवाचे घालते. दुसरीकडून उचललेली ओवी ती अशा रीतीने आपल्या घरची करून घेते. दळणकांडणाच्या श्रमांशी जिचे नाव कायमचे जोडले गेले, ती संत जनाबाई तर आपल्या प्रत्येक अभंगाखाली आपली मुद्रा उमटविते. चाकरी करणाऱ्या बाईनेही आपल्या शब्दाखाली नाव घालावे ही रीत आपल्याकडे चौदाव्या शतकापासून आहे. तेव्हा लोकवाङ्मय निनावी आहे असे म्हणण्यापेक्षा, लिहून घेणाऱ्याने नाव विचारले नाही, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

स्वातंत्र्यानंतर हे काम व्यक्तींच्या हौशीवर न सोडता सरकारने अंगावर घेतले. लोकसाहित्य समिती स्थापन झाली, कोशकार चिं. ग. कर्वे हे तिचे पहिले अध्यक्ष आणि पुढे दीर्घ काळ डॉ. सरोजिनी बाबर. सांगली जिल्ह्यातील बागणीच्या ह्या बाईंनी खेड्यातील बायकांना बोलते करण्याची हातोटी जन्मतःच आणली होती. ‘जाई मोगरा’, ‘एक होता राजा’, ‘तीर्थांचे सागर’, ‘जनलोकांचा सामवेद’ अशी समितीची पुस्तके एकामागून एक निघाली. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात गावोगाव जी वाचनालये उभी राहिली, त्यांतील कित्येकांच्या फळ्यांवर ही पुस्तके पोचली. म्हणजे बडोद्याच्या पेटीचा परतीचा प्रवास अखेर सुरू झाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

परंतु गावातही सारे गाव नसते. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहून खेड्याच्या व्यवस्थेचे मर्म उलगडले. त्या व्यवस्थेच्या परिघाबाहेर पालांत राहणाऱ्यांकडे पाहण्यास आणखी एका अभ्यासकाची गरज होती. डॉ. प्रभाकर मांडे ह्यांनी आपल्या पुस्तकाचे नावच ‘गावगाड्याबाहेर’ असे ठेविले. १९३३ साली जन्मलेले मांडे औरंगाबादच्या विद्यापीठात प्राध्यापक होते. उत्तरायुष्यात ते नगरास येऊन राहिले आणि तेथेच २०२३ मध्ये, पद्मश्री मिळाली त्याच वर्षी, वारले. भटके, भिक्षेकरी, कसरती करणारे, नंदीबैल फिरविणारे ह्यांच्याशी बोलत ते आयुष्यभर हिंडले. ‘मांग आणि त्यांचे मागते’ ह्या ग्रंथात त्यांनी ज्या संस्थेचा शोध घेतला ती तर ग्रंथालयवाल्यांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. काही जातींच्या आश्रयाने राहणाऱ्या मागत्या जाती असतात. डक्कलवार हे मांगांचे मागते. आश्रयदात्या जातीची उत्पत्ती कशी झाली, मूळपुरुष कोण, कोणाशी कोणते नाते, हे सारे पुराण त्यांना पाठ, आणि ते मांगवाड्यात येऊन ऐकविणे हाच त्यांचा हक्काचा व्यवसाय. दक्षिणेकडे हेळवी लोक घराण्यांच्या वंशावळी अशाच जतन करीत आले. ज्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही त्यांनी आपला इतिहास माणसांच्या स्वाधीन ठेवला, आणि ती माणसेच फिरती ग्रंथालये झाली. शिळे तुकडे मागून राहणाऱ्याच्या मस्तकात एका सबंध जातीचे दप्तर असते, हे मांड्यांनी सुशिक्षितांना दाखवून दिले.

आता ज्या संग्रहाने सांगणाराचे नाव पुन्हा पूर्वीच्या जागी बसविले त्याकडे वळू. गी पॉइतवँ हे १९३४ साली फ्रान्समध्ये जन्मलेले गृहस्थ १९७२ मध्ये पुण्यास आले, येथलेच झाले आणि त्यांनी भारतीय नागरिकत्व पत्करले. हेमा राईरकर ह्या त्यांच्या सहकारी. मुळशी, मावळ ह्या डोंगराळ भागांतील गोरगरिबांच्या संघटनेचे काम चालले असता, बायकांच्या बैठकीत एक गोष्ट पुनःपुन्हा दिसून येऊ लागली. नवऱ्याचा मार, सासूचा जाच, मुलगी झाली म्हणून होणारी हेटाळणी, ह्या विषयांवर सरळ प्रश्न केला की बाई पदर तोंडाला लावून गप्प बसे. पण एखादीने ओवी म्हटली की सगळ्यांची तोंडे मोकळी होत. भाषणात जे सांगण्याची सोय नव्हती ते ओवीत पिढ्यान् पिढ्या सांगून ठेवलेले होते. तेव्हापासून, १९८० नंतरच्या वर्षांत, ह्या दोघांनी व त्यांच्याबरोबरच्या गावोगावच्या कार्यकर्त्यांनी ओव्या लिहून घेण्यास आरंभ केला. हजारावर गावे, तीन हजारांहून अधिक गायिका आणि एक लाखाहून अधिक ओव्या, असा त्या कामाचा विस्तार झाला. जगात कोठेही दळणाच्या गाण्यांचा एवढा संग्रह क्वचितच असेल.

वेळ मात्र त्यांच्या बाजूची नव्हती. गिरणी गावात आल्यावर बाईची पहाटेची दोन घटका मान मोडून करावयाची मेहनत वाचली, आणि त्याबद्दल कोणाही शहाण्या माणसाला आनंदच व्हावा. परंतु त्याबरोबर गाण्याचे निमित्तही गेले. घरातल्या सर्वांच्या आधी उठून, कोणी ऐकत नाही अशा वेळी, मनातले बोलण्याची ती एकच जागा होती. जात्याचा खुंटा हाती आल्याशिवाय ओवी आठवत नाही, असा अनुभव पुष्कळजणींचा. तेव्हा अडगळीतले जाते काढून, पुसून, ते फिरवीत गाणी म्हणावयाची. आरंभी सारे वह्यांत लिहिलेले होते. १९९० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगीतशास्त्रज्ञ येऊन मिळाले. त्यांनी ध्वनिमुद्रणाची व संगणकावरील नोंदणीची व्यवस्था लावली. सव्वाशे तासांच्या आसपास आवाज साठविला गेला. प्रत्येक ओवीला विषयवार क्रमांक दिला. सीता, माहेर, भाऊ, विठ्ठल, बाबासाहेब आंबेडकर, मुलीचा जन्म असे विषय, त्यांचे पोटविषय, त्यांचेही पोटविषय. ग्रंथालयात पुस्तकांची वर्गवारी ज्या काटेकोरपणे करतात तीच शिस्त येथे जात्यावरच्या ओवीला लाभली.

आणि वर्गवारीच्या क्रमांकाबरोबर गाणारीचे नाव लिहिले. हे शब्द वाचण्यास साधे, पण त्यांपर्यंत येण्यास आपल्या संग्राहकांना फार काळ लागला. तिचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, जात, वय, मुले किती, उदरनिर्वाह कशावर. म्हाइंभटांच्या वेळी जे सहज सुचले ते ह्या रीतीने पुन्हा आले. नाव असल्यामुळेच काही वर्षांनी त्या बाईला शोधता येते. तिची ओवी वाचून भलताच अर्थ काढला तर “माझे म्हणणे तसे नव्हते” असे सांगण्याचा तिचा हक्क शाबूत राहतो. निनावी ओवीबद्दल वाटेल त्याने वाटेल ते बोलावे.

पॉइतवँ २००४ मध्ये वारले, आणि राईरकरबाईही नंतर गेल्या. एवढा मोठा संच मग कोठे राहणार, ही काळजी असा संग्रह करणाऱ्या प्रत्येकाला असते, आणि कित्येक संग्रह ह्याच टप्प्यावर वाळवीच्या तोंडी पडतात. ध्वनिमुद्रणांच्या प्रती गुरुग्राम येथील अमेरिकन इन्स्टिट्यूटच्या संगीतसंग्रहालयात सुरक्षित ठेविल्या होत्या. पत्रकार पी. साईनाथ ह्यांनी २०१४ मध्ये स्थापिलेल्या ‘पारी’ ह्या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहाने २०१७ पासून ह्या ओव्या आवाज, शब्द आणि भाषांतर ह्यांसह सर्वांसाठी खुल्या करण्यास सुरुवात केली. पूर्वीपासून ह्या कामात असलेले जितेंद्र मैड त्यातही होतेच. टंकन, नोंदणी, भाषांतर ही डोळे शिणविणारी कामे करणाऱ्या स्त्रियाही होत्या. ही मंडळी जुन्या नोंदीतले गाव आणि नाव घेऊन पुन्हा त्या त्या दारी गेली. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली बाबासाहेबांवरील ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले होते. २०१७ मध्ये तेथेच जाऊन गायिकांची पुन्हा विचारपूस केली. कोठे गाणारी भेटली, कोठे तिच्या लेकीसुना भेटल्या.

त्याच १९९६ सालच्या एप्रिलात परभणी जिल्ह्यातील ताडकळस येथे गंगुबाई अंबोरे ह्यांचा आवाज मुद्रित झाला. त्यांनी गायिले ते सीतेविषयी, रामाने वनात धाडलेल्या एकट्या सीतेविषयी. वाल्मीकीने ही कथा सांगितली, मराठीत कितीकांनी सांगितली. पण ताडकळसची सीता रानात कशी राहते, कोण तिच्या सोबतीला येते आणि तिच्या रडण्याला कोण उत्तर देते, ते गंगुबाईंनी आपल्या मनाने सांगितले आहे, आणि सांगणारीचे नाव त्या नोंदीत पहिल्या ओळीत आहे.